अडतीस दिवसांचा ‘अमर्याद’ डेटा : पहिल्या थ्री-जी आयपॅडच्या ग्राहकांचं प्रकरण

३० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत थ्री-जी जोडणी असलेला पहिला आयपॅड विक्रीला आला. त्याच्यासाठी एटी अँड टी या मोबाइल कंपनीने महिना २९.९९ डॉलरचा अमर्याद डेटा प्लॅन ठेवला होता. लेखी करार नाही, दोन वर्षांची बांधिलकी नाही. हवा तेव्हा आयपॅडवरूनच सुरू करा, नको असेल त्या महिन्यात बंद करा, पुन्हा गरज पडली की पुन्हा घ्या. २ जूनला कंपनीने जाहीर केलं की ७ जूनपासून हा प्लॅन नव्याने कुणालाही मिळणार नाही. त्याच्या जागी २५ डॉलरला २ जीबी. ज्यांनी आधीच अमर्याद प्लॅन घेतला होता त्यांना तो ठेवता येणार होता, मात्र दर महिन्याला न चुकता नूतनीकरण करत राहिलं तरच.

दुकानात आल्यापासून अडतीस दिवसांत ही सोय संपली. यंत्र मात्र विकत घेऊन झालं होतं.

मोबाइल कंपन्यांच्या करारांवर ग्राहक चिडण्याची उदाहरणं शेकड्यांनी सापडतील. त्यातलं हे प्रकरण मी निवडलं, कारण इथे ग्राहकाला छळणारा करार नव्हताच. करार नसणं हीच सोय म्हणून विकली गेली होती, आणि ग्राहक अडकला तो नेमका त्यामुळे.

आधीची दोन-तीन वर्षं

जानेवारी २०१० मध्ये ‘करार नाही’ हे शब्द अमेरिकी ग्राहकाला इतके सुखद का वाटले, हे समजायला तेव्हाची पद्धत माहीत हवी. भारतात आपण बहुतेक जण प्रीपेडवाले. फोन दुकानातून पूर्ण पैसे मोजून घ्यायचा, सिम वेगळं घ्यायचं. अमेरिकेत फोन मिळायचा तो मोबाइल कंपनीकडूनच, आणि किमतीचा मोठा भाग कंपनी स्वतः उचलायची. जुलै २००८ मध्ये आलेला आयफोन थ्री-जी १९९ डॉलरला मिळत होता तो याच कारणाने. उरलेली रक्कम दोन वर्षांच्या मासिक बिलांतून वसूल व्हायची. ग्राहक मध्येच सोडून गेला तर करार मोडल्याचा दंड.

व्यवस्था म्हणून यात गैर काही नाही. हप्त्याने वस्तू घेण्यासारखंच आहे. घोळ होता तो कालमापनात. करार चोवीस महिन्यांचा आणि नवा आयफोन दर बारा महिन्यांनी. म्हणजे करार अर्ध्यावर असतानाच पुढच्या फोनच्या बातम्या सुरू व्हायच्या आणि त्या बातम्या बहुतेक वेळा अफवांच्या रूपात यायच्या. आयफोन बनवणारी ॲपल अधिकृतपणे काहीच बोलत नसल्याने ग्राहकाने आज सही करायची की तीन महिने थांबायचं, याचा निर्णय ऐकीव माहितीवर घ्यावा लागे.

जून २००९ मध्ये याचा पहिला मोठा भडका उडाला. आयफोन थ्री-जीएस १९९ डॉलरपासून जाहीर झाला, पण वर्षभरापूर्वीच थ्री-जी घेतलेल्या ग्राहकांना तो त्या भावात मिळणार नव्हता. त्यांच्यासाठी किंमत ३९९ डॉलर. कंपनीच्या हिशेबात हे बरोबरच होतं, कारण जुन्या फोनवरचे पैसे अजून वसूल व्हायचे होते. ग्राहकांच्या दृष्टीने मात्र सर्वांत आधी रांगेत उभे राहिलेले, सर्वांत महागडे प्लॅन घेणारे लोकच दुप्पट किंमत मोजणार होते. आरडाओरडा इतका झाला की १७ जूनला एटी अँड टीने माघार घेतली : ज्यांची सवलतीची पात्रता जुलै, ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये येणार होती त्यांना ती लगेच दिली. ही माघार पुढच्या प्रकरणासाठी महत्त्वाची आहे. ओरड केली की कंपनी ऐकते, असा समज त्यातून ग्राहकांमध्ये पक्का झाला.

दुसरीकडे दंड वाढत होते. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या दुसऱ्या मोबाइल कंपनीने स्मार्टफोनसाठीचा दंड १७५ वरून ३५० डॉलर केला. तो दर महिन्याला १० डॉलरने कमी व्हायचा. हिशेब करून पाहा : तेवीस महिने इमानाने बिल भरलेल्या माणसाला शेवटच्या महिन्यात सोडून जायचं असेल तरी १२० डॉलर द्यायचे. दंड फोनवरची सवलत वसूल करण्यासाठी आहे हे कंपनीचं म्हणणं या एका आकड्यापुढे टिकत नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने विचारणा केली, सिनेटर एमी क्लोबुशार यांनी डिसेंबरमध्ये दंडाला मर्यादा घालणारं विधेयक मांडलं. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या गुगलच्या नेक्सस वन फोनवर तर दोन दंड होते, एक टी-मोबाइलचा आणि वर दुसरा खुद्द गुगलचा.

अशा हवेत टॅब्लेटच्या अफवा फिरत होत्या. ॲपल एक पाटीसारखं यंत्र आणणार, किंमत हजार डॉलरच्या आसपास असणार, कदाचित व्हेरायझनवर चालणार, आणि कदाचित नेटबुकसारखं (छोट्या, स्वस्त लॅपटॉपसारखं) दोन वर्षांच्या डेटा करारासह विकलं जाणार. लॅपटॉपसाठीचा मोबाइल डेटा तेव्हा महिना ६० डॉलरच्या घरात होता, तोही ५ जीबीच्या मर्यादेने. म्हणजे दोन वर्षांत १४४० डॉलर नुसत्या इंटरनेटला. टॅब्लेट हवा असणारे लोक या आकड्याने आधीच धास्तावलेले होते.

२७ जानेवारीचं आश्वासन

सॅन फ्रान्सिस्कोच्या येर्बा बुएना सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला तेव्हा दोन्ही भीती दूर केल्या. किंमत ९९९ असेल असं जाणकार म्हणतात, असं सांगून पडद्यावर तो आकडा आणला आणि मग ४९९ डॉलर दाखवले. डेटाबद्दल बोलताना त्यांनी महिना ६० डॉलरच्या रूढ दराचा स्वतःहून उल्लेख केला आणि त्याच्या तुलनेत एटी अँड टीचे दोन प्लॅन मांडले : १४.९९ डॉलरला २५० एमबी आणि २९.९९ डॉलरला अमर्याद. करार नाही, कधीही बंद करा.

थ्री-जी आयपॅड साध्या वाय-फाय आयपॅडपेक्षा १३० डॉलरने महाग होता, सुरुवात ६२९ डॉलरपासून. त्यात जीपीएस होतं, जे वाय-फाय आवृत्तीत नव्हतं. तरीही हे १३० डॉलर लोक कशासाठी देत होते, याबद्दल फारशी शंका नसावी. वाय-फाय आयपॅड ३ एप्रिललाच बाजारात आला होता. नुसता आयपॅड हवा असणाऱ्याने तो तेव्हाच घेतला. थ्री-जीसाठी आणखी चार आठवडे थांबलेला आणि जास्त पैसे मोजलेला ग्राहक तो डेटा प्लॅन समोर ठेवूनच थांबला होता. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात पुढे हाच मुद्दा कळीचा ठरला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. जाहिरातीत दोन वेगवेगळी आश्वासनं होती. पहिलं, डेटाला मर्यादा नाही. दुसरं, तुम्ही बांधलेले नाही, हवं तेव्हा जा-ये करा. ग्राहकाने दोन्ही एकत्र विकत घेतली. ७ जूननंतर त्यातलं फक्त एकच पाळता येणार होतं. अमर्याद डेटा टिकवायचा तर एकही महिना बंद करायचा नाही. एकदा बंद केला की अमर्याद प्लॅन कायमचा गेला.

जूनचा पहिला आठवडा

२ जूनची घोषणा केवळ आयपॅडपुरती नव्हती. एटी अँड टीने सगळ्याच नव्या स्मार्टफोन ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद करून १५ डॉलरला २०० एमबी आणि २५ डॉलरला २ जीबी असे प्लॅन आणले. फोनवर २ जीबी संपले की पुढच्या प्रत्येक जीबीला १० डॉलर. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडायचं असेल तर महिना आणखी २० डॉलर, आणि त्या २० डॉलरमध्ये एकही एमबी जादा नाही. त्याच्या एकच दिवस आधी, १ जूनपासून, स्मार्टफोनचा करारभंगाचा दंड १७५ वरून ३२५ डॉलरवर गेला होता.

तारखा एका ओळीत मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. १ जून : दंड वाढला. ७ जून : अमर्याद डेटा संपला. त्याच ७ जूनला जॉब्स यांनी आयफोन ४ जाहीर केला, आणि २४ जूनला तो दुकानात आला. नवा आयफोन येतोय हे तोवर अख्ख्या जगाला ठाऊक होतं, कारण त्याचा एक नमुना रेडवुड सिटीतल्या बारमध्ये कुणीतरी विसरला होता आणि १९ एप्रिलला त्याची छायाचित्रं गिझमोडो या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने छापली होती. पण फोन कधी येणार, कोणत्या अटींवर येणार, हे ग्राहकांना माहीत नव्हतं. अटी ठरवणाऱ्या कंपनीला मात्र गर्दी कोणत्या आठवड्यात दारात येणार याचा पुरेपूर अंदाज होता. गर्दी येण्याआधी दंडही वाढवून झाला आणि प्लॅनही बदलून झाले. अफवांवर चालणाऱ्या बाजारात ग्राहक नेहमी एक पाऊल मागे का असतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कंपनीची बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत एटी अँड टीचं जाळं आयफोनच्या भाराखाली अक्षरशः कोलमडत होतं, कॉल तुटत होते. डिसेंबर २००९ मध्येच कंपनीचे वरिष्ठ अधिकारी राल्फ डे ला वेगा यांनी सांगितलं होतं की ३ टक्के स्मार्टफोन ग्राहक ४० टक्के डेटा वापरतात. जूनमध्ये कंपनीने आणखी दोन आकडे दिले : ६५ टक्के स्मार्टफोन ग्राहक महिन्याला २०० एमबीपेक्षा कमी वापरतात आणि ९८ टक्के २ जीबीपेक्षा कमी. त्यामुळे बहुतेकांचं बिल कमीच होणार, असा युक्तिवाद. फोनपुरता तो बऱ्याच अंशी खरा होता. महिना ३० डॉलर भरून १५० एमबी वापरणाऱ्याचे १५ डॉलर वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण हे आकडे साडेतीन इंची पडद्याच्या फोनचे होते. आयपॅडचा पडदा ९.७ इंची. तो पूर्ण पानं पाहायला, वर्तमानपत्रं वाचायला, चित्रपट पाहायला घेतलेला. नेटफ्लिक्स त्यावर पहिल्या दिवसापासून होतं. थ्री-जी आयपॅडचा वापर मोजायला कंपनीकडे एका महिन्याचीच आकडेवारी होती, आणि महिन्याभराच्या वापरावरून माणसाची सवय कळत नाही. फोनच्या वापरावरून टॅब्लेटची मर्यादा ठरवणं हा या निर्णयातला सगळ्यात कच्चा भाग, आणि तेव्हाच्या गदारोळात त्याकडे फार कमी लोकांनी बोट दाखवलं.

नेमकं नुकसान कुणाचं?

सगळ्या ग्राहकांचं सारखं नुकसान झालं नाही, म्हणून गट वेगळे करून पाहतो.

जो ग्राहक दर महिन्याला प्लॅन चालूच ठेवणार होता त्याचं तूर्त काही बिघडलं नाही. जो २५० एमबीवर समाधानी होता त्याचंही नाही. ज्यांनी ७ जूनपूर्वी आयपॅड मागवला होता पण हातात यायचा होता, त्यांनाही अमर्याद प्लॅन घेता येईल असा खुलासा कंपनीने केला.

खरा फटका बसला तो अधूनमधून वापरणाऱ्याला. समजा एखादी व्यक्ती वर्षातून तीन महिने कामानिमित्त फिरतीवर असते, उरलेले नऊ महिने घरच्या वाय-फायवर. जाहिरातीप्रमाणे तिचा वार्षिक खर्च तीन वेळा २९.९९, म्हणजे ९० डॉलरच्या आसपास. ७ जूननंतर तिच्यासमोर दोन रस्ते. अमर्याद प्लॅन टिकवायचा तर बाराही महिने भरायचे, वर्षाला ३५९.८८ डॉलर. किंवा तो सोडायचा आणि फिरतीच्या महिन्यांत २ जीबीची पाकिटं घ्यायची. प्रीपेड आयपॅडवर २ जीबी संपले की पुन्हा २५ डॉलर, त्यामुळे ५ जीबी लागले तर त्या महिन्याला ७५. पहिला रस्ता धरला तर दोन वर्षांत ७२० डॉलर जातात. एटी अँड टीचा करार मोडल्याचा सर्वांत मोठा दंड तेव्हा ३२५ डॉलर होता. कागदावर कोणतीही बांधिलकी नसलेला हा ग्राहक, करार केलेल्या माणसापेक्षा घट्ट बांधला गेला.

करार केलेल्या माणसाला निदान एक संरक्षण होतं : सही केल्यापासून मुदत संपेपर्यंत दर दोन्ही बाजूंना बांधतो. कंपनीने मध्येच अटी ग्राहकाच्या नुकसानीच्या केल्या तर दंड न भरता बाहेर पडण्याचा मार्ग बहुतेक करारांत असे. करार नसलेल्याला हा आधार नव्हता. तो सेवा कधीही सोडू शकत होता, पण यंत्रात अडकलेले पैसे सोडवू शकत नव्हता. नुसता रेल्वेचा पास स्वस्त पडतो म्हणून कुणी बदलापूरला घर घ्यावं आणि महिन्याभरात तो पासच बंद व्हावा, तसं हे झालं. पासाच्या नियमांत काहीच चुकलेलं नसतं, पण घर तर घेऊन झालेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, यंत्र परत करायचं. आयपॅडला परतीची मुदत चौदा दिवसांची होती. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेतलेल्यांची ती २ जूनच्या घोषणेआधीच संपलेली होती. सर्वांत आधी आलेले, सर्वांत उत्साही ग्राहक पुन्हा एकदा सर्वांत कोंडीत सापडले, २००९ सारखेच. फरक इतकाच की या वेळी कंपनी मागे हटली नाही.

(त्याच आठवड्यात, ९ जूनला, थ्री-जी आयपॅडच्या सुमारे १,१४,००० ग्राहकांचे ईमेल पत्ते एटी अँड टीच्या संकेतस्थळावरच्या त्रुटीतून बाहेर पडल्याचंही उघड झालं. त्याचा या प्रकरणाशी थेट संबंध नाही, पण त्या ग्राहकांचा तो आठवडा कसा गेला असेल हे त्यावरून कळतं.)

न्यायालयात

जून २०१० मध्येच उत्तर कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात ॲपल आणि एटी अँड टीविरुद्ध सामूहिक दावे दाखल झाले. म्हणणं सरळ होतं : अमर्याद आणि मनाप्रमाणे चालू-बंद करता येणाऱ्या डेटाचं आमिष दाखवून महागडं यंत्र विकलं आणि महिन्याभरात ते आमिष काढून घेतलं.

दावा चालू असतानाच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०११ रोजी एक वेगळा निकाल दिला, ज्याने मोबाइल ग्राहकांच्या पायाखालची जमीनच सरकवली. त्या खटल्यातही प्रतिवादी एटी अँड टीच होती. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला ‘मोफत’ म्हणून दिलेल्या फोनवर ३०.२२ डॉलर विक्रीकर लावला होता, त्यावरून वाद. ग्राहक करारात लिहिलं होतं की तक्रार लवादापुढेच न्यायची आणि प्रत्येकाने एकट्याने न्यायची, सामूहिक दावा करता येणार नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा अशी अट अन्याय्य मानत होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीची अट उचलून धरली.

तीस डॉलरसाठी एकटा माणूस लवादाकडे जात नाही. कंपनीला हे माहीत असतं. लाखो ग्राहकांकडून प्रत्येकी थोडे थोडे पैसे गेले तर ते परत मिळवायचा व्यवहार्य मार्ग म्हणजे सामूहिक दावा, आणि तोच करारातल्या एका परिच्छेदाने बंद करता येतो असं या निकालाने ठरलं. मला वाटतं, दंडाच्या आकड्यांपेक्षा ही अट कितीतरी जास्त जाचक आहे. दंड निदान ठळक अक्षरांत सांगितला जातो.

आयपॅडच्या दाव्यात ॲपलची स्थिती वेगळी होती. ॲपलने यंत्र विकलं होतं, सेवा नाही. अखेर २०१३ मध्ये तडजोड झाली. ७ जून २०१० पर्यंत थ्री-जी आयपॅड घेतलेल्यांना ॲपलकडून प्रत्येकी ४० डॉलर. एटी अँड टीकडून रोख काही नाही; अमर्याद प्लॅन नसलेल्यांना ५ जीबीच्या मासिक प्लॅनवर वर्षभरापर्यंत दरमहा २० डॉलरची सूट. म्हणजे भरपाईचा दुसरा भाग घ्यायचा तर त्याच कंपनीचं पुन्हा ग्राहक व्हायचं.

१३० डॉलर जादा मोजलेल्या माणसाला तीन-चार वर्षांनी ४० डॉलर. त्याच्याकडचा पहिला आयपॅड तोवर नव्या सॉफ्टवेअरलाही मुकला होता. प्रकरण तडजोडीने मिटल्यामुळे, विक्रीच्या वेळी जाहीर केलेला सेवेचा दर हा यंत्राच्या सौद्याचाच भाग मानायचा का, या मूळ प्रश्नावर खटल्याअंती निकाल आलाच नाही.

‘अमर्याद’ टिकवून ठेवणाऱ्यांचं काय झालं

फोनवरचा जुना अमर्याद प्लॅन ज्यांनी जिवापाड जपला त्यांची गोष्टही लांब नाही. १ ऑक्टोबर २०११ पासून एटी अँड टीने त्यांच्यातल्या सर्वाधिक वापर करणाऱ्या ५ टक्के लोकांचा वेग कमी करायला सुरुवात केली. मार्च २०१२ मध्ये रेषा ठरवली : थ्री-जीवर ३ जीबी, एलटीईवर (फोर-जीवर) ५ जीबी, त्यापुढे वेग खाली. त्याच सुमारास तेवढ्याच ३० डॉलरमध्ये नव्या ग्राहकाला ३ जीबी पूर्ण वेगाने मिळत होते. जुना ‘अमर्याद’ आणि नवा ‘मर्यादित’ यांच्यात व्यवहारात उरलेला फरक नगण्य होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीच्या एका ग्राहकाने लघुवाद न्यायालयात एकट्याने दावा लढवून ८५० डॉलर मिळवले. करारात सामूहिक दाव्याला बंदी होती, लघुवाद न्यायालयाला नव्हती. त्याने ती फट ओळखली. ऑक्टोबर २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने कंपनीवर खटला भरला. किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग अडीच कोटींहून अधिक वेळा कमी केल्याचा आरोप होता. तो मिटायला नोव्हेंबर २०१९ उजाडला, ६ कोटी डॉलरच्या तडजोडीवर.

टॅब्लेटवर करार परत आले

आयपॅडने घालून दिलेला ‘करार नाही’ हा पायंडा बाकीच्यांनी फारसा पाळला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब स्प्रिंट आणि टी-मोबाइलने ३९९ डॉलरला विकला, दोन वर्षांच्या करारासह. महिनोन्‌महिने अफवांमध्ये गाजलेला मोटोरोला झूम फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनवर आला तेव्हा करारासह ५९९, कराराविना ७९९. करारासाठी मिळालेली सवलत २०० डॉलर, आणि त्याबदल्यात चोवीस महिने डेटाचं बिल. घरात आणि कार्यालयात वाय-फाय असलेल्या माणसाला टॅब्लेटसाठी ही बांधिलकी का घ्यावी हे कुणी पटवून देऊ शकलं नाही. वाय-फाय टॅब्लेट घेऊन फोनच्याच डेटावर चालवणं हा ग्राहकांनी शोधलेला उपाय होता. फोनचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला जोडायला कंपन्यांनी वेगळे पैसे लावले होते, ते काही उगाच नाही.

फोनवरचे दोन वर्षांचे करार पुढे गेले. मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने ते बंद केले आणि जानेवारी २०१६ मध्ये एटी अँड टीनेही. त्यांच्या जागी हप्ते आले, आणि आता एटी अँड टीकडे नव्या फोनवरची मोठी सवलत छत्तीस महिन्यांच्या बिलांत थोडी थोडी जमा होते. मध्येच सोडलं तर उरलेली सवलत जाते. तिला दंड म्हणत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी ‘मोफत फोन’ची जाहिरात पाहताना हा छत्तीसचा आकडा आधी शोधावा.

आपल्याकडे हे घडलं असतं तर

भारतात आयफोन थ्री-जी ऑगस्ट २००८ मध्ये आला तो ३१,००० रुपयांना. सवलत नव्हती, तरीही फोन एअरटेल किंवा व्होडाफोनच्या सिमला बांधलेला होता. पूर्ण पैसे द्यायचे आणि वर बांधिलकीही, हे त्या वेळी आपल्याकडे निमूट चालून गेलं. आयपॅड जानेवारी २०११ च्या अखेरीस आला, कुठल्याही कराराशिवाय.

दाद मागण्याच्या बाबतीत आपल्याकडचा रस्ताही बरीच वर्षं अडलेलाच होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या वादांसाठी टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाकडे बोट दाखवलं, आणि त्याच्या आधारे ग्राहक मंचांतून अनेक तक्रारी परत पाठवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की मोबाइल ग्राहक थेट ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करार ही संकल्पना आली, जी १९८६ च्या कायद्यात नव्हती. एकतर्फी अटींविरुद्ध तिचा वापर करता येतो. अमेरिकेत २०११ नंतर जे दार बंद झालं ते इथे उशिरा का होईना उघडं आहे.

ट्राय या दूरसंचार नियामकाचा एक नियम तर या प्रकरणाला थेट लागू पडेल असा आहे : ग्राहकाने प्लॅन घेतल्याच्या दिवसापासून सहा महिने कंपनीला त्या प्लॅनचा दर वाढवता येत नाही. १ मे २०१० ला आयपॅडवर डेटा सुरू केलेल्या ग्राहकाला असा नियम ऑक्टोबरअखेरपर्यंत आधार देऊन गेला असता. पण नियम सेवा घेतल्याच्या दिवसापासून मोजतो. ज्याने १३० डॉलर जादा देऊन यंत्र घेतलं आणि डेटा उन्हाळ्याच्या सुटीत सुरू करू असं ठरवलं, त्याची सेवा ७ जूनला सुरूच झालेली नव्हती. त्याचे पैसे गुंतले ते यंत्र घेतल्याच्या दिवशी, आणि ती तारीख ट्रायच्या या नियमातही मोजली जात नाही.